लघवीची घाई, शंभर केगेल आणि पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. गेलं वर्षभर दिवसातून तेरा-चौदा वेळा लघवीला जावं लागतं, रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं. कळ आली की थांबता येत नाही. दाराला किल्ली लावताना किंवा नळ सोडला की कपडे ओले होतात. तपासणीत जंतुसंसर्ग नाही, साखरही ठीक. डॉक्टरांनी ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’, म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय, असं निदान केलं, गोळी सुरू केली आणि पेल्व्हिक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं. पण त्याआधी व्हिडिओ बघून दोन महिने रोज शंभर केगेल, म्हणजे हे तळाचे स्नायू आवळून सोडायचे व्यायाम, करून झालेत. फरक पडला नाहीच, उलट घाई वाढली आणि खाली जड वाटायला लागलं. मग फिजिओथेरपीत वेगळं काय होणार, आणि त्याने खरंच बरं वाटतं का?

बहुतेकींना बरंच बरं वाटतं. मात्र तुम्ही दोन महिने जे केलंत ती ही थेरपी नव्हे. शिंकताना-खोकताना लघवी गळणाऱ्या बाईला स्नायूची ताकद हवी असते. तुमच्यासारख्या घाईच्या त्रासात ताकदीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, बघायचं असतं ते हे की स्नायू नेमक्या क्षणी आवळता येतो का आणि आवळल्यावर तो पूर्ण सैल सोडता येतो का. शंभर केगेलमध्ये या दोन्ही गोष्टी राहून जातात.

कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून ते आधी सांगते. मूत्राशयाची भिंत डिट्रूसर नावाच्या स्नायूची असते. मूत्रपिंडांकडून लघवी सतत येत असते, आणि ती साठत असताना हा स्नायू सैल राहून ताणला जातो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. साधारण १५० ते २०० मिलीलिटर जमलं की पहिली जाणीव होते. ती फक्त बातमी असते, हुकूम नव्हे. मेंदू ‘आत्ता नको’ म्हणतो, जाणीव मागे पडते आणि ४०० मिलीलिटर किंवा थोडं जास्तही आरामात साठतं. मग आपण जागेवर बसतो, आधी खालचे स्नायू सैल सुटतात आणि त्यानंतर डिट्रूसर आकुंचन पावतो.

ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरमध्ये हा क्रम बिघडतो. काहीजणींत डिट्रूसर मधेच, परवानगीशिवाय आकुंचन पावतो. काहीजणींत असं आकुंचन मूत्राशयातल्या दाबाच्या तपासणीत सापडतही नाही, पण जाणीवच मोठ्या आवाजात येते. दोन्हींची घाई तितकीच खरी. म्हणूनच २००२ साली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने केलेली व्याख्या लक्षणांवर बेतलेली आहे: थांबवता न येणारी घाई, बहुधा वारंवार आणि रात्रीही जावं लागणं, गळती असो वा नसो, आणि संसर्ग किंवा दुसरं उघड कारण नसणं. तुम्हाला कुणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणालं असेल तर ते सोडून द्या.

आता स्नायूंचा संबंध. ओटीपोटाच्या हाडांच्या तळाशी पुढून मागे स्नायूंचा एक थर आहे, त्यातून मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग बाहेर पडतात. हाच पेल्व्हिक फ्लोअर. हा थर आवळला की त्याचा निरोप मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, सॅक्रल दोन ते चार या भागात पोचतो. मूत्राशय आकुंचन पावायला सांगणाऱ्या नसा तिथूनच निघतात, आणि तो निरोप पोचला की डिट्रूसर शांत होतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया प्रत्येकीत जन्मजात असते. आपल्याला ती फक्त मुद्दाम, हव्या त्या वेळी वापरायला शिकायचं असतं. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: खालचा थर सैल सुटला की मूत्राशयाला सुरुवात करायचा इशारा मिळतो. घाई लागल्यावर पळत सुटायचं, पोट आत ओढायचं, दारातच कपड्यांशी झटापट करायची, आणि त्या गडबडीत थर एकदम सुटतो. नेमकं कमोडच्या दोन पावलं अलीकडे गळतं ते बहुतेकदा यामुळे.

मग केगेल करून त्रास वाढला कसा? तीन शक्यता आहेत आणि तपासल्याशिवाय यातली तुमची कोणती ते सांगता येणार नाही.

पहिली, आणि तुमच्या ‘जड वाटतं’ या शब्दांवरून मला जास्त वाटणारी शक्यता म्हणजे स्नायू कमजोर नसून आधीच ताठ असणं. वर्षभर गळण्याची भीती असलेली बाई नकळत दिवसभर खाली आवळून बसते. दिवसभर घट्ट मूठ आवळून ठेवलेल्या हाताला ‘आता जोरात मूठ आवळ’ म्हटलं तर तो काय आणखी आवळणार? तो दुखेल, थकेल, आणि गरजेच्या क्षणी त्याच्याकडे द्यायला काही उरणार नाही. त्यात ताठ स्नायूंतून येणारे संदेश मूत्राशयाच्या संदेशांत मिसळतात आणि लघवी नसताना लागल्यासारखी वाटते. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार मधेच तुटणं, पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं, शौचाला कुंथावं लागणं, यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर हा संशय बळावतो.

दुसरी शक्यता, उलट दिशेने जोर लावला जाणं. आत-वर उचलायच्या ऐवजी खाली ढकललं जातं, किंवा नितंब, मांड्या आणि पोट आवळलं जातं आणि खालचा थर जागचा हलतही नाही. हे अगदी सर्रास होतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ४७ बायकांना आधी केवळ सूचना देऊन केगेल करायला सांगितलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना ते चांगलं जमलं, आणि चौथा हिस्सा बायका अशा पद्धतीने करत होत्या की गळती वाढावी. यात बायकांची चूक नाही. जो स्नायू दिसत नाही तो नुसतं ऐकून हलवायचा, हेच अवघड आहे.

तिसरी शक्यता म्हणजे आकडा. शंभर वेळा पटापट, मधे विश्रांती नाही, आणि काहीजणी तर चालू लघवी थांबवून व्यायाम करतात. तसं करू नका. स्नायू ओळखायला एखादवेळी ठीक, पण रोजची सवय लागली तर लघवी पूर्ण न होण्याचा धोका असतो.

अरनॉल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले तेव्हा ते मुख्यतः बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी होते, आणि त्यांच्यासोबत पेरिनिओमीटर नावाचं उपकरण होतं. योनीमार्गातला दाब त्यावर दिसायचा, म्हणजे आपण बरोबर करतोय की नाही हे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी कळायचं. पुढे नाव घरोघरी पोचलं आणि पडताळणी मागे राहिली. आज मोबाइलवर केगेल मोजणारी ॲप्स दिसतात तेव्हा मला हेच खटकतं. ती मोजतात, पण काय मोजतात ते त्यांनाही ठाऊक नसतं.

आता पहिल्या भेटीत काय होतं ते सांगते. हातात सर्वात आधी काय हवं असेल तर लघवीची डायरी, तीन दिवसांची. किती वाजता गेलात, मोजपात्रात किती मिलीलिटर झाली, घाई किती होती, गळलं का, आणि काय किती प्यायलात. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते निम्मा उपचार त्या कागदावर असतो. समजा तेरा वेळा गेलात आणि दर वेळी शंभर-सव्वाशे मिलीलिटर झाली, एकूण साधारण दीड लिटर. म्हणजे मूत्राशय फार लवकर हाक मारतंय. हे प्रशिक्षणाने बदलतं. पण तेरा वेळा आणि दर वेळी तीनशे, म्हणजे एकूण जवळजवळ चार लिटर, असं निघालं तर दोष मूत्राशयाचा नाहीच. एक तर पाणी जास्त प्यायलं जातंय किंवा शरीर जास्त लघवी बनवतंय, आणि ते शोधायला मी तुम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवेन. व्यायामाने त्यात काही होणार नाही.

डायरीतली आणखी एक ओळ मी नेहमी बायकांना बोट ठेवून दाखवते: पहाटेची पहिली लघवी. बऱ्याचदा ती साडेतीनशे-चारशे निघते. दिवसा शंभरावर उड्या मारायला लावणारं तेच मूत्राशय झोपेत चारशे निवांत धरून होतं. म्हणजे पिशवी लहान झालेली नाही. हे आकड्यात दिसलं की अर्धी भीती तिथेच जाते. एरवी ‘माझी पिशवीच छोटी आहे’ हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं.

त्यानंतर प्रश्न: बाळंतपणं, शस्त्रक्रिया, पाळी, बद्धकोष्ठता, कंबरदुखी, चालू असलेली औषधं. सूज किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची काही नवी औषधं लघवीचं प्रमाण वाढवतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. लघवी करून आल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत पाहिलेलं नसेल तर तेही बघून घेतलेलं बरं.

मग तपासणी. पुष्कळजणी इथे बिचकतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, अंगावर चादर घेऊन ही तपासणी होते. आधी बाहेरून बघतात की आवळायला सांगितल्यावर तो भाग आत-वर जातो का, सोडल्यावर खाली येतो का, खोकल्यावर काय होतं. मग तुमची परवानगी असेल तर हातमोजा घालून एका बोटाने योनीमार्गातून ताकद बघतात. शून्य ते पाच अशी ती श्रेणी असते. ताकदीसोबत किती सेकंद धरता येतं, किती वेळा, सोडताना पूर्ण सुटतं का, कुठे दाबल्यावर दुखतं किंवा ‘अगदी तशीच घाई लागली’ असं होतं, हे सगळं नोंदवतात. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचं उपकरण) लागत नाही. मधेच थांबवायचा हक्क तुमचा. नकोच असेल तर बाहेरून स्पर्श करून किंवा पोटावरून अल्ट्रासाउंड लावूनही बरंच कळतं, आणि ‘नको’ म्हणण्यासाठी कारण द्यावं लागत नाही. परवानगी न विचारता तपासायला घेणारी व्यक्ती कितीही हुशार असली तरी तिथून उठून यावं.

स्नायू ताठ निघाले तर पहिले काही आठवडे आवळायचा व्यायाम नसतोच. फक्त सोडायला शिकायचं. श्वास घेताना छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर पेल्व्हिक फ्लोअरही थोडा खाली उतरतो; श्वास सोडताना दोन्ही वर येतात. सतत पोट आत ओढून वावरणाऱ्या बाईत ही हालचाल बंद पडलेली असते. कुशीवर किंवा पाठीवर झोपून, हात पोटाच्या खालच्या भागावर ठेवून सावकाश श्वास घ्यायचा आणि बैठकीची हाडं एकमेकांपासून दूर जाताहेत अशी कल्पना करायची. बालासनासारखी गुडघे फाकवून पुढे झुकायची स्थितीही उपयोगी पडते. दुखरे बिंदू असतील तर थेरपिस्ट ते हाताने हळूहळू मोकळे करते. लघवीला बसायची पद्धतही इथेच सुधारायची. कमोडवर अधांतरी, मांड्यांवर तोलून बसलं की हे स्नायू सुटूच शकत नाहीत. पूर्ण टेकून बसा, पावलं जमिनीला, कोपरं मांड्यांवर. उकिडवं बसत असाल तर टाचा टेकलेल्या असू द्या. कुंथून धार वाढवू नका, ते काम डिट्रूसरचं आहे.

आता उपचाराचा गाभा: घाई लागली त्या क्षणी काय करायचं. थांबा, जिथे असाल तिथे. बसता आलं तर बसा. मग पाच-सहा वेळा झटकन आवळा आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. पूर्ण. अर्धवट सोडून पुन्हा आवळलं तर स्नायू दमतो आणि निरोप जात नाही. श्वास चालू ठेवा. काहीजणींना टाचा उचलून चवड्यांवर उभं राहून किंवा पायाची बोटं जमिनीत रोवून मदत होते, करून बघा. त्याच वेळी डोकं दुसऱ्या कामात गुंतवा. शंभरातून सात-सात वजा करणं किंवा उद्याच्या कामांची यादी, पण ज्यात खरंच लक्ष लागेल असं काहीतरी. कळ चढते, टोकाला जाते आणि ओसरते. बहुतेकदा मिनिटाभरात, कधी थोडी जास्त. ती ओसरली की मगच, साध्या चालीने, लघवीला जा. वाटेत पुन्हा आली तर पुन्हा थांबा.

यातली ‘ओसरल्यावर जा’ ही पायरी बायकांना उलटी वाटते. घाई गेली तर जायचं कशाला? पण आजवर मूत्राशयाला सवय काय लागली आहे? कळ टोकाला गेली की हमखास रिकामं व्हायला मिळतं. ही गाठ सोडवायची असेल तर टोकाच्या क्षणी जाणं बंद करायला हवं. सुरुवात घरी असताना, मध्यम घाईवर करा. गर्दीत, प्रवासात, पॅडशिवाय पहिला प्रयोग करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात कधी जमेल, कधी गळेल. हे ठरलेलंच आहे.

किल्लीचं आणि नळाचं काय? तेही शिकलेलंच आहे. दार दिसलं की लघवी, हे इतक्या वेळा घडलंय की आता दारच कळ आणतं. त्याला उपाय असा: किल्ली काढायच्या आधीच, कळ यायची वाट न बघता, तीन-चार वेळा आवळा-सोडा. दार उघडा. आत गेल्यावर पहिलं काम लघवी नव्हे. पिशवी ठेवा, चपला काढा, दोन मिनिटं दुसरं काहीतरी करा. लघवी करून आल्यावर, मूत्राशय रिकामं असताना, मुद्दाम दाराबाहेर जाऊन किल्ली लावायची तालीम करा. नळाचंही तसंच: हात नळाकडे जायच्या आधी आवळा, मग नळ सोडा. घरातले बघून हसतील, हसू देत.

याच्या जोडीला वेळापत्रक. डायरीवरून तुम्हाला न गळता साधारण किती वेळ धरता येतं ते काढायचं. समजा पाऊण तास. मग जागेपणी दर पाऊण तासाने जायचं, लागलेली असो वा नसो, आणि मधे लागली तर वरची युक्ती वापरायची. आठवडाभर जमलं की पंधरा मिनिटं वाढवायची. असं करत तीन ते साडेतीन तासांवर पोचायचं. रात्री घड्याळ लावायचं नाही. थंडीत, पाळीच्या आधी, सर्दी-खोकल्यात दोन पावलं मागे जाल. तो आठवडा जुन्याच अंतरावर काढा. आणि बाहेर पडताना ‘असू दे, जाऊन येते’ म्हणून रिकामं करायची सवय सोडा. दर वेळी शंभर मिलीलिटरवर रिकामं करून आपणच मूत्राशयाला शिकवत असतो की शंभर म्हणजे भरलं.

ताकदीचे व्यायाम नंतर येतात, आणि ते हवेतच, कारण झटकन आवळायलाही स्नायूत दम लागतो. वायू रोखल्यासारखं मागून सुरुवात करून पुढे मूत्रमार्गापर्यंत आत-वर उचलायचं. नितंब, मांड्या, कपाळ सैल. तुमची क्षमता तीन सेकंदांची असेल तर तीन सेकंद धरायचं आणि निदान तितकाच वेळ सोडायचं. हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. उपचारांबाबत डॉक्टरांना दिशा देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही या व्यायामांसाठी किमान आठ आकुंचनं दिवसातून तीनदा एवढीच अपेक्षा आहे, शंभराची नाही. खोकल्या-शिंकल्यावरही थोडं गळत असेल तर खोकायच्या आधी आवळायची सवय लावली जाते.

यंत्रांबद्दल बायका फार विचारतात. बायोफीडबॅकमध्ये स्नायूंची हालचाल पडद्यावर दिसते. ज्यांना स्नायू सापडतच नाही त्यांना सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना लागत नाही. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नीट शिकवलेल्या व्यायामांना बायोफीडबॅक जोडून दोन वर्षांनी काही जास्तीचा फायदा दिसला नाही. त्या बायका खोकताना गळणाऱ्या किंवा मिश्र (खोकताना आणि घाईनेही गळण्याच्या) त्रासाच्या होत्या, पण मुद्दा लक्षात घ्यावा. घाईसाठी मला जास्त उपयोगी वाटतं ते घोट्याजवळच्या टिबिअल नसेला हलका विद्युतप्रवाह देणं. ही नस वर सॅक्रल भागातच पोचते. बारीक सुईने करतात तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे; चिकट पॅड लावूनही करता येतं. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. चुंबकीय खुर्चीवर नुसतं बसलं की स्नायू आपोआप हलतात खरे, पण नेमक्या क्षणी कसं वापरायचं ते खुर्ची शिकवत नाही, म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. दिवसभरात सगळं मिळून दीड ते दोन लिटर प्या, विभागून. घाईला भिऊन पाणी तोडलं तर लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठही होतो, आणि भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाबतं. चहा-कॉफी एकदम बंद केली तर डोकं धरतं. दोन आठवड्यांत हळूहळू कमी करून फरक पडतो का ते डायरीत बघा, नसेल पडत तर पुन्हा घ्या. वजन जास्त असेल तर थोडं उतरवूनही फरक दिसतो: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३३८ जाड बायकांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरवलं त्यांची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, नुसती माहिती मिळालेल्या गटात २८ टक्क्यांनी. रात्रीचं उठणं वेगळं बघावं लागतं. चोवीस तासांच्या लघवीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीच बनत असेल तर कारण पायांवरची सूज, घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, झोपायच्या आधीचं पाणी, असं काहीतरी असतं. सूज असेल तर दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून बघा, आणि सूज कशाने येते ते डॉक्टरांना विचारा.

उपयोग किती होतो, हा तुमचा मूळ प्रश्न. १९९८ साली अमेरिकेत ५५ वर्षांपुढच्या १९७ बायकांवर एक चाचणी झाली. एका गटाला स्नायू ओळखून घाई दाबायला शिकवलं, दुसऱ्याला घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन या औषधाची गोळी दिली, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी गळतीचे प्रसंग शिकवलेल्या गटात सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषधाच्या गटात ६९, आणि औषध नसलेल्या गोळीनेही ३९. तो शेवटचा आकडा मला आवडतो. नियमित भेटी, डायरी आणि कुणीतरी नीट ऐकून घेणं, यानेच एवढा फरक पडतो. पण ८१ टक्के कमी म्हणजे ८१ टक्के बायका पूर्ण कोरड्या झाल्या असा अर्थ नाही, हेही ध्यानात असू द्या. कुणी दहा भेटींत शंभर टक्के बरं करायची हमी देत असेल तर सावध राहा. पहिला फरक बहुधा सहा-आठ आठवड्यांत जाणवतो, आणि तो आधी कोरडेपणात नव्हे तर ‘घाई आली पण मी थांबले’ यात दिसतो. तीन महिने प्रामाणिकपणे करून काहीच हललं नाही तर टिबिअल स्टिम्युलेशन, वेगळी गोळी, मूत्राशयात बोटॉक्सचं (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन किंवा सॅक्रल नसेला हलका विद्युतप्रवाह देणारं उपकरण असे पुढचे मार्ग आहेत. यूरोगायनॅकॉलॉजिस्ट किंवा यूरॉलॉजिस्ट ते समजावतील.

गोळी चालू ठेवूनच हे शिका, मनाने बंद करू नका. बऱ्याचदा गोळीने घाई थोडी खाली येते आणि युक्ती शिकायला उसंत मिळते. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग बाई घटाघट पाणी पिते आणि डायरीत पुन्हा तेरा वेळा. त्या बद्धकोष्ठही करतात. वय जास्त असेल तर स्मरणशक्तीवरच्या परिणामाबद्दल विचारून घ्या. मिराबेग्रॉनसारख्या नव्या गोळीत हे त्रास कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या वयात पाळी अनियमित झाली असेल आणि खाली कोरडेपणा, चुरचुर असेल तर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनबद्दलही डॉक्टरांशी बोला. घाईला त्याचा उपयोग होऊ शकतो.

काही वेळा मात्र फिजिओथेरपीची वाट न बघता डॉक्टर गाठायचे: लघवीतून रक्त, ताप किंवा जळजळ, मूत्राशय भरताना वाढत जाणारी वेदना, लघवी तुंबणं, घाईशिवाय सतत थेंबथेंब गळणं, योनीमार्गातून काही बाहेर आल्यासारखं वाटणं. आणि मांड्यांमध्ये बधिरपणा किंवा पायात अशक्तपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला तर त्याच दिवशी, तातडीच्या विभागात.

थेरपिस्ट निवडताना पेल्व्हिक फ्लोअरचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का ते सरळ विचारा. कंबर-गुडघ्याची उत्तम फिजिओथेरपी करणारी प्रत्येक व्यक्ती हे काम करत असेलच असं नाही. तपासणी न करता, हातात व्यायामांचा छापील कागद देऊन पाठवलं तर तुम्ही व्हिडिओ बघून केलंत त्याहून वेगळं काही घडलेलं नाही. साधारण दर एक-दोन आठवड्यांनी भेट, मधल्या काळात घरचा सराव, असं चालतं.

पहिली भेट होईपर्यंत केगेल पूर्ण बंद ठेवा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं वर सांगितलेला पोटाचा श्वास करा, टेकून बसून लघवी करा, आणि घरी असाल असे तीन दिवस निवडून डायरी लिहा. शंभर केगेलची गोष्ट आणि खालचं जडपण, दोन्ही पहिल्या पाच मिनिटांतच सांगा.